ट्रेलरची उलटतपासणी : मल्टिप्लेअर शूटर गेमचा ट्रेलर कसा वाचावा

मल्टिप्लेअर शूटर गेमचा नवा ट्रेलर आला की पहिल्या तासाभरात तो सगळेच पाहतात, पण वाचणारे थोडे असतात. ट्रेलर ही जाहिरात असते, त्यामुळे तो खरे बोलेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. मात्र फितूर साक्षीदाराच्या जबाबातूनही चांगला वकील कामाचे तेवढे काढून घेतोच, आणि ट्रेलरचे विश्लेषण हे नेमके त्याच जातीचे काम आहे. त्यासाठी वही घ्यावी, पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडावेत आणि त्यांना ‘दिसले’, ‘त्यावरून वाटते’ आणि ‘असावे अशी इच्छा’ अशी नावे द्यावीत. विश्लेषणाच्या नावाखाली जे काही लिहिले आणि बोलले जाते त्यातला बराच भाग तिसऱ्या रकान्यातला असतो आणि तो पहिल्या रकान्यातला म्हणून खपवला जातो. पुढची सगळी खटपट हे रकाने वेगळे ठेवण्यासाठीच आहे.

पहिल्यांदा ट्रेलर न थांबवता, आवाज नेहमीइतका ठेवून सलग पाहावा आणि संपल्याबरोबर, काय पाहून अंगावर काटा आला ते दोन ओळींत लिहून ठेवावे. या दोन ओळी पुढे उपयोगी पडतात, कारण निर्मात्याने सर्वाधिक पैसा आणि मेहनत तिथेच ओतलेली असते आणि म्हणून सर्वाधिक संशयही तिथेच घ्यायचा असतो. दुसऱ्यांदा पाहताना आवाज पूर्ण बंद करावा. संगीत गेले की दृश्यांचे सांधे उघडे पडतात आणि ठेक्यावर बसवलेल्या स्फोटांतले किती खेळात घडले आणि किती संकलकाच्या टेबलावर घडले, याचा अंदाज येऊ लागतो.

त्यानंतरचे काम फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रे, मोजण्याचे असते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की तो एक फ्रेम पुढे सरकतो आणि स्वल्पविरामाची कळ दाबली की एक फ्रेम मागे जातो. व्हिडिओ हाताशी उतरवलेला असेल तर व्हीएलसीमध्ये ‘ई’ या अक्षराची कळ पुढची फ्रेम दाखवते, पण मागे जाण्याची तेवढी सोय त्यात नाही. आपला पडदा साधा असला तरी व्हिडिओचा दर्जा २१६० (४के) वर ठेवावा, कारण त्या दर्जाच्या प्रतीत माहिती कमी दाबलेली असते आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरे त्यामुळेच वाचता येतात. मोबाइलवर हे काम होत नाही. मी ते करून पाहिले आहे आणि त्यातून डोळेदुखीपलीकडे काही हाती लागलेले नाही.

आता ट्रेलर कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे, कारण पुढचे सगळे निष्कर्ष त्यावर अवलंबून असतात. काही ट्रेलर स्वतंत्र ॲनिमेशन म्हणून बनवलेले असतात आणि त्यांचा खेळाशी संबंध वातावरणापुरताच असतो. काहींवर ‘इन-इंजिन’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ दृश्य खेळाच्याच इंजिनात, म्हणजे खेळ ज्यावर चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, तयार झाले आहे इतकाच होतो. कॅमेरा खेळाडूचा आहे किंवा पात्रांच्या हालचाली कोणी खेळून केल्या आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही. तिसरी जात म्हणजे प्रत्यक्ष खेळाचे चित्रण, आणि तेही बहुधा महागड्या संगणकावर, आतल्याच माणसांनी ठरवून, अनेक वेळा खेळून टिपलेले असते. हा फरक न पाहण्याची किंमत काय असते याचे जुने उदाहरण किलझोन २ हे आहे. २००५ च्या ई३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात दाखवलेला त्याचा ट्रेलर आधीच चित्रफीत म्हणून रेंडर करून ठेवलेला होता, पुष्कळांनी तो प्रत्यक्ष खेळ समजून पाहिला, आणि खेळ बाजारात आला २००९ च्या फेब्रुवारीत. एलियन्स : कलोनियल मरीन्सच्या बाबतीत तर प्रकरण ब्रिटनमधील जाहिरात-नियामकापर्यंत गेले. २०१३ मध्ये प्रकाशक सेगाने ट्रेलरमध्ये प्रत्यक्ष खेळाऐवजी डेमोचे, म्हणजे नमुन्याचे, चित्रण वापरल्याचे मान्य केले आणि तशी सूचना टाकण्याची तयारी दाखवली. म्हणून तळाशी अर्धा सेकंद झळकणारी बारीक ओळ वहीत सर्वांत आधी, जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

खेळाचे चित्रण खरे आहे असे ठरले तर नजर पडद्याच्या मध्यातून काढून कडांवर न्यावी. एचयूडी, म्हणजे पडद्यावरचे आकडे, छोटा नकाशा, होकायंत्र आणि कोणी कोणाला मारले त्याची यादी, हा ट्रेलरमधला सर्वांत कंटाळवाणा आणि म्हणूनच सर्वांत विश्वासू भाग असतो. सामन्याचे घड्याळ एका दृश्यात चार मिनिटे आणि लगेच पुढच्या दृश्यात आठ मिनिटे दाखवत असेल, तर सलग भासणारा हल्ला दोन वेगळ्या सामन्यांतून शिवलेला आहे हे कळते. मारल्याच्या यादीत तीच पाच-सहा नावे फिरून फिरून येत असतील, तर शेकडोंची भासणारी लढाई मूठभर माणसांनी उभी केली असण्याची शक्यता असते. अर्थात ही नोंद दुसऱ्या रकान्यात करायची असते. गोळ्यांचा सर्वांत मोठा दिसलेला आकडा म्हणजे निदान तेवढ्या गोळ्यांचे मॅगझिन. पुन्हा गोळ्या भरण्याचा वेळ मोजताना हाताची हालचाल कधी संपते हे न पाहता आकडा कधी बदलतो ते पाहावे, कारण बऱ्याच खेळांत आकडा आधी भरतो आणि उरलेली हालचाल खेळाडू शस्त्र बदलून टाळू शकतो.

बंदुकीचा वेग मोजण्याची रीत एकदा नीट समजून घेण्यासारखी आहे आणि तिचा सराव माहितीच्या खेळावर करावा. व्हॅलोरंटमधील व्हँडल ही बंदूक सेकंदाला ९.७५ गोळ्या झाडते, म्हणजे मिनिटाला ५८५. सेकंदाला ६० फ्रेम असलेल्या व्हिडिओत दोन गोळ्यांमधले अंतर सुमारे ६.१५ फ्रेम येते. पण फ्रेम तुकड्यांत मोजता येत नाही, म्हणून नळीच्या तोंडाशी दिसणाऱ्या दोन चमकांमध्ये आपल्याला कधी ६ तर कधी ७ फ्रेम सापडतात. पहिल्या मोजणीने वेग मिनिटाला ६०० निघतो आणि दुसरीने ५१४, म्हणजे एकाच बंदुकीबद्दल दोन माणसे भांडायला मोकळी. याउलट सलग दहा गोळ्या धरल्या तर त्यांच्यात नऊ अंतरे पडतात आणि ती साधारण ५५ फ्रेममध्ये मावतात. नऊला मिनिटातल्या ३६०० फ्रेमने गुणून ५५ ने भागले की ५८९ येतात आणि खऱ्या आकड्यापासून आपण चारच गोळ्या दूर राहतो. एकाच जोडीवरून वेग सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. व्हिडिओ सेकंदाला २४ किंवा ३० फ्रेमचा असेल तर चूक त्या प्रमाणात वाढते, हेही लिहून ठेवावे.

या हिशेबात एक खड्डा आहे. संकलक दृश्याची गती गुपचूप कमी-जास्त करतात, आणि मंद केलेल्या दृश्यावरून काढलेला वेग निरर्थक असतो. ते ओळखायला सामन्याचे घड्याळ दिसत असेल तर त्याचे सेकंद व्हिडिओच्या सेकंदांशी ताडून पाहावेत. घड्याळ नसेल तर खाली पडणारी रिकामी काडतुसे, धावणाऱ्या सैनिकाची पावले आणि उडणारी धूळ यांच्याकडे पाहावे. काडतूस पाण्यात बुडत असल्यासारखे सावकाश पडत असेल तर मोजणी तिथेच सोडून द्यावी.

नकाशाची मोजणी याहून रंजक असते. दोन वेगळ्या दृश्यांत दिसणारा एकच मनोरा, एकच क्रेन किंवा एकच पाण्याची टाकी शोधावी, सावल्या कोणत्या बाजूला पडतात ते पाहून दिशा ठरवावी आणि कागदावर कच्चा नकाशा काढत जावा. जागा खऱ्या जगातली असेल तर काम सोपे होते. बॅटलफील्ड २०४२ मधील ‘ऑर्बिटल’ हा नकाशा फ्रेंच गयानातील कुरू येथे आहे, आणि तिथे खरोखरच अवकाशतळ असल्याने रॉकेटचा तळ दिसताच जागेचा तर्क करता येत होता. त्याच खेळातला ‘डिस्कार्डेड’ हा नकाशा तर गुजरातेतील अलंगचा आहे. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, पुढून चिरलेली अजस्र जहाजे पाहून मुंबईच्या दारूखान्याची हवा खाल्लेल्या माणसाला हा जहाजे तोडण्याचा धंदा आहे हे सांगावे लागत नाही. नकाशा ओळखल्याचा आनंद मोठा असतो, तरी त्यातून खेळ कसा खेळला जाईल हे कळत नाही. त्यासाठी अंतर मोजावे लागते. पडद्यावरील लक्ष्याच्या खुणेजवळ ‘३०० मीटर’ असे लिहिलेले असेल आणि धावत्या खेळाडूचा तो आकडा दोन सेकंदांत १२ ने उतरत असेल, तर धावण्याचा वेग सेकंदाला सहा मीटर होतो आणि लक्ष्यापर्यंत पोहोचायला ५० सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक मरणामागे जवळपास एक मिनिट नुसती पायपीट आली. कोणताही ट्रेलर ही पायपीट दाखवत नाही. बॅटलफील्ड २०४२ मध्ये नव्या पिढीच्या यंत्रांवर १२८ खेळाडू असतील हे आधी गाजवण्यात आले; खेळ आल्यावर मात्र उघड्या माळरानातून पळावे लागते ही तक्रार मोठ्याने झाली आणि नंतर काही नकाशे नव्याने आखावे लागले.

बॅटलफील्ड २०४२ चा पहिला ट्रेलर ९ जून २०२१ रोजी आला आणि रकाने कसे भरावेत याचा तो उत्तम धडा आहे. त्यातले सर्वांत गाजलेले दृश्य असे, की मागे शत्रूचे विमान लागलेला वैमानिक हवेतच आपल्या विमानातून बाहेर पडतो, खांद्यावरच्या रॉकेट लाँचरने मागचे विमान पाडतो आणि परत आपल्या विमानात जाऊन बसतो. ही कसरत बॅटलफील्ड ३ मध्ये एका खेळाडूने खरोखर करून दाखवली होती आणि चाहते तिला ‘रेंडेझूक’ म्हणतात. ‘दिसले’ या रकान्यात इथे एवढेच जाते की लढाऊ विमाने आहेत आणि रॉकेट लाँचर आहे. ‘त्यावरून वाटते’ या रकान्यात जाते ते असे, की कंपनी जुन्या चाहत्यांना हाक मारते आहे. ‘जुना बॅटलफील्ड परत आला’ हे वाक्य मात्र तिसऱ्या रकान्याचे होते, आणि त्या आठवड्यात ते बातमीसारखे फिरत होते. १९ नोव्हेंबरला खेळ आला तेव्हा सैनिकांच्या जुन्या चार भूमिकांच्या जागी ‘स्पेशालिस्ट’ नावाची ठरावीक पात्रे होती, सवयीचा गुणफलक नव्हता आणि खेळाच्या आत आवाजाने बोलण्याची सोय नव्हती. भूमिकांची जुनी रचना परत यायला २०२३ उजाडले. ट्रेलरने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, कारण वावटळही खेळात होती आणि अंगाला पंख लावून उडणारे सैनिकही होते. गुणफलकाचा विषय त्याने काढलाच नव्हता, एवढेच.

म्हणून जे दाखवले नाही त्याची यादी स्वतंत्र पानावर करावी आणि ट्रेलर पाहण्याच्या आधीच करावी. आपण हा खेळ रोज खेळणार असू तर आपल्याला काय काय लागेल, हे प्रश्नांच्या रूपात लिहावे: जोडीदारांशी बोलता येईल का, सर्व्हर निवडता येईल का, भारतात सर्व्हर असतील का, पैसे भरून मिळणाऱ्या वस्तूंनी ताकद वाढते की नुसते रूप बदलते. नंतर उत्तरे शोधावीत आणि न मिळालेल्या उत्तरासमोर कोरी जागा तशीच ठेवावी, कारण ती भरण्याचा मोह फार होतो. आपल्याकडचे उदाहरण ‘फौजी’ (FAU-G) या मोबाइल खेळाचे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आल्यावर दोनच दिवसांत हा खेळ जाहीर झाला आणि लोकांनी तो पबजीचा वारस ठरवून टाकला. दसऱ्याच्या दिवशी आलेल्या झलकेत गलवानची पार्श्वभूमी आणि हातघाईची मारामारी होती. जो झलक वाचत होता त्याला बंदुकांचा बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकेल असा खेळ, त्यात दिसायला नको होता. २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ आला तो एकट्याने खेळायचा आणि हातघाईचाच. अनेकांनी मिळून खेळायचा प्रकार त्यात नंतर आला.

काय टिकते आणि काय बदलते, याबद्दल माझा अनुभव असा की नियम टिकतात आणि रंगरंगोटी बदलते. रेनबो सिक्स सीज २०१४ च्या ई३ मध्ये दाखवला गेला तेव्हा एका घरात ओलीस धरलेल्या बाईला सोडवण्याचा डाव होता आणि खेळाडूंचे आपसातले बोलणे रेडिओवरच्या श्रुतिकेसारखे नेटके होते. कोणी कोणाचे वाक्य तोडत नव्हते, कोणी शिवी देत नव्हते, कोणाला जेवायला हाक येत नव्हती. असे बोलणे ऐकू आले की संहिता आहे असे खुशाल समजावे. १ डिसेंबर २०१५ रोजी खेळ आला तेव्हा प्रकाश आणि पडझड त्या प्रात्यक्षिकाइतकी देखणी राहिली नव्हती, आणि स्पर्धात्मक खेळ पुढे ओलिसाऐवजी बॉम्बच्या प्रकारावर स्थिरावला. पण पाच विरुद्ध पाच, फेरीत एकच जीव, आधी ड्रोनने टेहळणी, भिंत फोडून प्रवेश, हा सांगाडा जसाच्या तसा आला. त्यामुळे ट्रेलरमध्ये एखादा वेगळा नियम दिसला तर त्याला सुंदर सूर्यास्तापेक्षा जास्त जागा द्यावी. पुण्याच्या सुपरगेमिंगच्या इंडस या बॅटल रॉयालमध्ये शेवटच्या टप्प्यात ‘कॉस्मियम’ नावाची वस्तू ताब्यात घेऊनही जिंकता येते. अशा एका नियमाने लपून बसणाऱ्याचा सगळा डाव बदलतो, म्हणून तो चार वेळा पाहावा.

विश्लेषण लिहून काढताना प्रत्येक दाव्यापुढे ट्रेलरमधली मिनिट-सेकंदाची जागा द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याला तपासता येते आणि आपल्यालाही स्वतःची चूक पकडता येते. आगाऊ नोंदणीचे पैसे भरण्याची घाई करू नये. एका खेळासाठी मी ते ट्रेलर पाहून रात्री एक वाजता भरले होते आणि वही दुसऱ्या दिवशी काढली. त्या पानावर पहिल्या रकान्यात चार ओळी होत्या आणि तिसऱ्यात सतरा. खुली बीटा, म्हणजे खेळ येण्याआधीची सर्वांसाठीची चाचणी, आली की वही पुन्हा उघडावी, दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करावी आणि कोऱ्या ठेवलेल्या जागांपैकी किती भरल्या ते मोजावे.