दोन जीबीत मेल सर्व्हर

घरच्या डोमेनसाठी आधी मेलकाऊ, म्हणजे मेल सर्व्हरचा तयार संच, टाकलं. सगळं आयतं, दिसायलाही छान. पण त्याला किमान ६ जीबी रॅम लागते आणि माझ्या भाड्याच्या मशीनला होती २. वाचूनही टाकलं, हा माझा आगाऊपणा. त्यातलं क्लॅमएव्ही हे अँटीव्हायरस सारखं मरायचं. व्हायरस ओळखायच्या सिग्नेचरच त्याच्या १ जीबीवर रॅम खातात.

शेवटी पोस्टफिक्स (मेल पाठवायला-घ्यायला), डवकॉट (मेलबॉक्ससाठी) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळायला) हाताने बसवलं. अख्खा रविवार गेला, पण रॅम निम्मी मोकळी.

तरी बायकोला पाठवलेली पहिली मेल थेट स्पॅममध्ये! एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच माझ्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या खुणा) ठीक होतं. घोळ पीटीआर रेकॉर्डचा: आयपीवरून उलटं शोधलं की होस्टिंगवाल्याचंच कसलंतरी लांबलचक नाव यायचं. त्यांच्या पॅनलमध्ये जाऊन तिथे माझ्या मेल सर्व्हरचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘मिळाली. येताना दूध आण.’