कडक उन्हात उडणारे रंगीत पक्षी टिपताना या चुका टाळा

नीलपंख तारेवर बसलेला असतो तेव्हा मातकट वाटतो. झेप घेतली की पंखांत गडद निळा आणि फिकट आकाशी असे पट्टे उघडतात. त्या क्षणासाठी आपण उन्हात उभे राहतो आणि नंतर फोटो मोठा करून पाहिला, तर आकाशी पट्ट्यात एकही पीस वेगळं दिसत नाही, नुसता रंग फासल्यासारखा. मग दोष उन्हाला दिला जातो. माझ्या मते तो चुकीचा आहे. भरपूर ऊन म्हणजे वेगवान शटर, आणि उडत्या पक्ष्याला तेच लागतं. बिघडतं ते एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ठरवताना.

मागचं दृश्य बदललं की एक्स्पोजर बदलू देणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती कॅमेरा आपल्या नकळत करतो. पक्षी झाडीसमोरून उडाला, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला अंधार दिसला, त्याने एक्स्पोजर वाढवलं आणि पिवळाधमक हळद्या जळाला. तोच पक्षी दोन सेकंदांनी उजळ आभाळावर आला, मीटर घाबरला आणि हळद्या काळवंडला. पक्ष्यावर पडणारं ऊन मात्र या दोन सेकंदांत तसूभरही बदललेलं नसतं.

म्हणून आभाळ निरभ्र असेल तर सरळ मॅन्युअल मोडवर या, म्हणजे सगळी मूल्यं स्वतः ठरवा. सुरुवातीला जुना ‘सनी सिक्स्टीन’ नियम पुरेसा आहे: स्वच्छ उन्हात अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६ असेल, तर शटरच्या वेळेचा छेद साधारण आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याइतका. म्हणजे आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद. तेच एफ/५.६ वर आणलं की १/३२०० मिळतं. पक्षी फार उजळ असेल, पांढरा किंवा गडद पिवळा, तर त्यातून आणखी अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एकदा ठरवलेलं मूल्य ढग येईपर्यंत किंवा सूर्य बराच कलेपर्यंत हलवू नका.

इथे एक फसगत होते. मॅन्युअल मोड लावलेला असतो, पण ऑटो आयएसओ चालूच राहतो. मग शटर आणि अपर्चर जागेवर, तरी फोटो मात्र कधी उजळ, कधी काळे. असं दिसलं की आधी आयएसओ तपासा.

एकाच पांढऱ्या आलेखावर विश्वास ठेवणं

आता त्या आकाशी पट्ट्याकडे येऊ. कॅमेऱ्याचा नेहमीचा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा पांढरा आलेख, एकूण उजेड दाखवतो आणि त्या हिशेबात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा, निळ्याचा अगदी किरकोळ असतो. त्यामुळे निळा चॅनल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी एक) काठोकाठ भरून सांडला तरी आलेख मध्यभागी निवांत दिसतो. लाल आणि पिवळ्या पिसांत हेच लाल चॅनलचं होतं. चॅनल भरला की त्यातले बारीक चढउतार संपतात, आणि पिसांचे धागे दिसतात ते त्या चढउतारांमुळेच.

आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि तिन्ही आलेखांचं उजवं टोक पाहा. पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’ ठेवा, कारण हा आलेख कॅमेरा जेपीजीवरून काढतो. ‘व्हिव्हिड’मध्ये तो उगाच घाबरवतो. व्हाइट बॅलन्सही ‘डेलाइट’वर बांधून टाका; ऑटोवर ठेवला तर आभाळ आणि झाडी यांच्यामध्ये एकाच पक्ष्याच्या दोन छटा मिळतात. आणि मागच्या स्क्रीनच्या उजेडावरून निर्णय घेऊ नका. भर उन्हात प्रत्येक फोटो तिथे अंधारा वाटतो, आणि आपण एक्स्पोजर वाढवत नेतो.

सपाट झालेला रंग घरी सापडला, तर तो खरंच गेलाय का हे तपासता येतं. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) एक्स्पोजर एक-दीड स्टॉप खाली आणा. पिसं परत दिसली तर काही बिघडलेलं नाही. नाही दिसली तर सॅच्युरेशन कमी करून पाहा. आता धागे उमटले तर माहिती फाइलमध्ये शाबूत आहे, फक्त तो रंग एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या मर्यादेबाहेर जातोय. त्या एका रंगाचं सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स (उजळपणा) थोडं उतरवलं की काम होतं. दोन्ही उपायांनी करडा डागच उरला, तर तो भाग जळाला. तिथे कितीही स्लायडर ओढले तरी पीस येणार नाही.

शिंजीर (सनबर्ड) या छोट्या पक्ष्याच्या बाबतीत मात्र घाई करू नका. त्याचा गळा एका फ्रेममध्ये धातूसारखा झळकतो आणि पुढच्याच फ्रेममध्ये काळा दिसतो. ते एक्स्पोजरचं काम नाही. ती चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते आणि कोनावर अवलंबून असते. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तेव्हा ती मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त.

सूर्य पाहिला, वारा पाहिला नाही

पक्षी बहुधा वाऱ्याच्या दिशेने तोंड करून झेपावतात आणि उतरतात. सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीकडून येत असतील, तर चेहऱ्यावर ऊन घेऊन पक्षी तुमच्याकडे येतो. वारा उलटा असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील.

दुपारी पंखांखाली गडद सावली पडते, तीही घरी जाऊन उजळण्याच्या भरवशावर सोडू नका. पक्षी वळताना एका बाजूला कलतो तेव्हा पंखाची आतली बाजू उन्हात येते. बर्स्ट (सलग भराभर फोटो) त्या वळणासाठी राखून ठेवा. पाण्यावरून किंवा फिकट वाळूवरून तो खाली उडत असेल, तर खालून परतणारा उजेड सावली आपोआप भरतो. वेडा राघू किडा पकडून पुष्कळदा त्याच फांदीवर परततो, त्यामुळे फोकस आधीच तिथे लावून ठेवता येतो.

फोकस चुकला असं समजणं

फोटो मऊ आला की लोक लेन्स दुरुस्तीला नेतात. आधी तीच फ्रेम नीट पाहा. पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं गवत धारदार असेल, तर फोकस खरंच चुकला. १/३२०० असूनही फ्रेममध्ये कुठेच धार नसेल आणि स्थिर फांदीची कडाही लहरत असेल, तर ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे. डांबर, कातळ, गाडीचं बॉनेट यांच्यावरून नेम धरू नका. त्यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. अंतर कमी करा, नाहीतर सकाळी लवकर या.

छोट्या चपळ पक्ष्यांना १/३२०० किंवा त्याहून वेगवान शटर द्या. पंख विचित्र वाकलेले दिसले तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो.

उडवण्यासाठी हुसकावणं

टाळी वाजवून, खडा मारून पक्षी उडवू नका. तो पाठ करून पळतो, त्यामुळे फोटोही मिळत नाही. घरटं जवळ असेल तर भर उन्हात हे फार वाईट: सावली धरून बसलेली आई उठली की पिल्लं थेट उन्हात तापतात. ती पुन्हा पुन्हा ओरडू लागली किंवा घरट्यावर परत बसायला कचरू लागली, तर लगेच मागे सरका आणि त्या दिवशी तिथला फोटो सोडून द्या.