मोटारसायकलची तेलगळती शोधताना या चुका टाळा

माझ्या १५० सीसीच्या जुन्या मोटारसायकलचे पुढच्या स्प्रॉकेटमागचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागचे) ऑईल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) एकाच उन्हाळ्यात दोनदा बदलले, आणि तरीही सोलापूरहून तुळजापूरला जाऊन आले की चेन कव्हरच्या खालच्या कडेला तेलाचे थेंब लोंबताना दिसायचेच. शहरात मात्र, होटगी रस्ता ते सात रस्ता आणि तिथून नवी पेठ अशी दिवसभर गाडी फिरवली, तरी रात्री गाडीखालची फरशी कोरडी असायची. गळती कधी होते आणि कधी होत नाही, हीच त्यातली खरी खूण होती. पण मी आणि माझा मेकॅनिक, आम्ही दोघेही तेल कुठे दिसते एवढेच पाहत राहिलो. त्या गाडीने जे शिकवले आणि नंतर ओळखीच्यांच्या गाड्या तपासताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या येथे मांडतो.

तेल दिसते तिथूनच गळते असे मानणे

इंजिनाबाहेर आलेले तेल एका जागी थांबत नाही. ते स्वतःच्या वजनाने खाली ओघळते आणि गाडी वेगात असताना समोरचा वारा त्याला मागे रेटतो. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, रबरी रिंगमधून झिरपलेले तेल ब्लॉकच्या फिन्समधून वाट काढत चेंबरच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) कडेवर उतरते, तिथून तळाशी जाते आणि शेवटी ड्रेन नटावरून टपकते. जुने तेल काढण्यासाठी असलेला ड्रेन नट हा बहुतेक इंजिनांचा सर्वांत खालचा बिंदू असल्याने वरच्या जवळजवळ प्रत्येक गळतीचा शेवटचा थेंब तिथेच जमतो, आणि सगळा संशयही त्याच्यावरच जातो.

मग पाना लावून तो नट आवळला जातो, थेंब थांबला नाही की आणखी आवळला जातो, आणि एक दिवस ॲल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे जातात. जी गळती वर दोन स्वस्त रबरी रिंगा बदलून थांबली असती, तिच्यापायी खाली नवे आटे पाडण्याचे खर्चिक काम उभे राहते. ड्रेन नटाखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर आवळताना चेपून बसतो आणि त्यामुळेच तेल अडते. म्हणून तेल बदलताना तो दर वेळी नवा घालावा आणि नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच, शक्य असल्यास टॉर्क पान्याने आवळावा.

शोध घेताना ओल्या भागातील सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी. उगम तिथे किंवा तिच्याही थोडा वर असतो.

मळलेल्या इंजिनावर शोध सुरू करणे

सोलापूरची धूळ या कामात मोठा अडथळा आहे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे असताना कोरडी धूळ तेलकट इंजिनावर बसते, तिचा काळा, चिकट थर होतो, आणि त्या थराखाली जुने तेल कोणते व आजचे कोणते हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. अशा इंजिनाकडे पाहून काढलेला निष्कर्ष हा अंदाजच असतो.

इंजिन पूर्ण थंड असताना रॉकेल किंवा डिग्रीझर आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने हेडपासून खालपर्यंत सगळे स्वच्छ करावे. पुढच्या स्प्रॉकेटचे कव्हर काढून आतला चेनचा चिखलही खरवडून काढावा, कारण चेनवरून उडालेले वंगण आणि इंजिनाचे तेल तिथे एकत्र होतात आणि चांगल्या सीलवरही आरोप येतो. या कामाला पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ दूरवरच्या ठिणगीनेही पेटते. रॉकेल टायरवर, ब्रेकच्या डिस्कवर किंवा लायनरवर जाऊ देऊ नये. सर्व्हिसिंगच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचे असेल, तर तो सील, विद्युत जोडण्या आणि एअर फिल्टरच्या तोंडावर थेट मारू नये.

इंजिन कोरडे झाल्यावर संशयाच्या जागांवर साध्या टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकावा. मग गाडी ५ ते १० किलोमीटर चालवून थांबावे आणि बॅटरी (टॉर्च) व लहान आरसा घेऊन पाहावे. पांढऱ्या थरावर तेलाची ताजी रेघ कुठून सुरू होते ते स्पष्ट दिसते. येथे घाई करून एकदम ५० किलोमीटर जाणे चुकीचे आहे, कारण तेवढ्या अंतरात तेल सगळीकडे पसरते आणि स्वच्छतेची मेहनत वाया जाते. थोडे अंतर, तपासणी, मोबाइलवर छायाचित्र, पुन्हा थोडे अंतर, हाच क्रम ठेवावा. पावडरनेही उलगडा झाला नाही, तर इंजिन ऑईलमध्ये मिसळण्याचा चमकणारा रंग आणि अतिनील प्रकाशाची बॅटरी वापरता येते.

तसेच, टपकणारे तेल इंजिनाचेच आहे का, हे आधी पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन पाहावे. वापरलेले इंजिन ऑईल तपकिरी ते काळे दिसते, पुढच्या फोर्कचे तेल फोर्कच्या नळीवर ओली कडी सोडते, आणि ब्रेक ऑईल रंग उडवते.

गळतीच्या वेळेकडे दुर्लक्ष करणे

मी केलेली चूक ही होती, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूकही हीच आहे. गळती कोणत्या परिस्थितीत होते यावरून निम्मे निदान पाना हातात न घेता होते. रात्रभर उभ्या गाडीखाली पुठ्ठा ठेवून, त्यावर दोन्ही चाकांच्या जागा पेनाने आखून, सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. गाडी उभी असतानाच थेंब पडत असेल, तर दोष बहुधा तेलाच्या पातळीखालच्या भागात, म्हणजे ड्रेन वॉशर, चेंबरचे पॅकिंग, गियर शाफ्टचे सील यांपैकी कशात तरी असतो. साईड स्टँडवर गळते पण मेन स्टँडवर गळत नाही, असे असेल तर गाडी डावीकडे कलल्याने तेल ज्या सीलपर्यंत चढते ते डाव्या बाजूचे सील पाहावे. केवळ इंजिन चालू असतानाच तेल येत असेल, तर जिथे पंपाने तेल पोहोचते किंवा उडते ते वरचे भाग, म्हणजे टॅपेट कव्हर, हेड आणि बाहेरून जाणाऱ्या तेलाच्या नळ्यांचे जोड तपासावेत.

आणि केवळ लांबच्या, सलग वेगाच्या प्रवासानंतरच तेल येत असेल, तर सील काढण्याआधी ब्रीदरकडे वळावे.

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येताना चेंबरमधली हवा दाबली जाते. ६००० आरपीएमवर (मिनिटाला ६००० फेऱ्यांवर) हे सेकंदाला १०० वेळा घडते. शिवाय पिस्टनच्या रिंगांवरून जळलेला वायू थोडा थोडा सतत खाली उतरत असतो. हा दाब बाहेर पडावा म्हणून ब्रीदरची रबरी नळी असते, जी बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते. ती नळी बंद झाली की दाब दुसरी वाट शोधतो. ऑईल सीलची ओठासारखी कडा शाफ्टवर उडणारे तेल अडवण्यासाठी असते. आतून सतत रेटणारा दाब सोसण्यासाठी ती केलेली नसते. त्यामुळे जे सील सर्वांत कमकुवत असेल तिथून तेल बाहेर येते, ते बदलले तरी काही दिवसांनी पुन्हा येते, आणि मालकाला वाटते की सीलच खराब मिळाले.

माझ्या गाडीत हेच घडले होते. एअर फिल्टर साफ करताना डबा काढला गेला होता आणि परत बसवताना ब्रीदरची नळी डबा आणि चासी यांच्यामध्ये चेपली गेली होती. शहरात ३०-४० च्या वेगात, थांबत-थांबत चालताना अर्धवट चेपलेल्या नळीतून दाब कसाबसा निघून जायचा. तुळजापूरचे सुमारे ४५ किलोमीटर सलग वेगाने कापून घाट चढताना मात्र तो साठायचा आणि स्प्रॉकेटमागच्या सीलमधून तेल रेटायचा. नळी सरळ केली, तिसरे सील घातले नाही, आणि पुढच्या फेरीपासून चेन कव्हर कोरडे राहिले. दोन सीलांचा खर्च आणि दोन दिवसांची मजुरी एका चेपलेल्या नळीपायी गेली होती.

तपासणी सोपी आहे. नळीचे डब्याकडचे टोक काढून इंजिन चालू असताना तिच्या तोंडाशी बोट धरले, तर हवेचे ठोके जाणवले पाहिजेत. काहीच जाणवले नाही तर नळी पूर्ण काढून फुंकून पाहावी आणि तिच्यात मुरड, गाळ किंवा आतून फुगलेले रबर आहे का ते तपासावे. नळी मोकळी असूनही डब्यात भरपूर तेल येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता धरावी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे.

तेलाची पातळी चुकीच्या पद्धतीने पाहणे

गाडी साईड स्टँडवर कललेली असताना डिपस्टिक पाहिली की पातळी चुकीची दिसते. कमी दिसली तर माणूस तेल ओततो, आणि जास्त झालेले तेल ब्रीदरवाटे एअर फिल्टरमध्ये जाऊन डब्याच्या खालच्या नळीतून टपकते. ही गळती नव्हे, पण ती शोधण्यात अनेकांनी इंजिने खोललेली मी पाहिली आहेत. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे तेल खाली उतरू द्यावे, आणि मगच पाहावे. डिपस्टिक आटे फिरवून पाहायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते आणि पुस्तिकेत दिलेले असते.

तेल न ओतताही पातळी वाढत असेल, तर तेलाचा वास घ्यावा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकली आणि पेट्रोलचा कॉक चालूच राहिला, तर पेट्रोल सिलिंडरमधून चेंबरमध्ये उतरते. असे पातळ झालेले तेल सीलमधून सहज झिरपते आणि बेअरिंगांचेही रक्षण करत नाही. अशी गाडी सुई दुरुस्त करून तेल बदलेपर्यंत चालवू नये.

उगम सापडल्यावरही घाई करणे

स्प्रॉकेटच्या मागे थोड्याशा जागेत स्प्रॉकेट शाफ्टचे सील, गियर शाफ्टचे सील, न्यूट्रल स्विचची रिंग आणि काही गाड्यांत क्लच रॉडचे सीलही असते. यांपैकी नेमके कोणते ओले आहे हे पावडरने ठरवल्याशिवाय एकही काढू नये. सील काढताना स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टवर किंवा सीलच्या घरावर पडला, तर नवे सीलही गळते. नवे सील बसवण्याआधी शाफ्टवर जुन्या सीलची खाच पडली आहे का, ते नखाने चाचपून पाहावे आणि सीलच्या ओठाला तेल लावावे. शाफ्ट हाताने वर-खाली हलत असेल, तर दोष बेअरिंगचा आहे आणि नुसत्या सीलने काम भागणार नाही. चेन फार ताणून ठेवणे हे त्या बेअरिंगच्या झिजेचे नेहमीचे कारण. पुस्तिकेत सांगितलेला ढील, जो बहुतेक लहान गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असतो, तो ठेवावाच.

पॅकिंगच्या जागी सिलिकॉनचा जाड थर लावण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. कव्हर आवळल्यावर जेवढे सिलिकॉन बाहेर दिसते, तेवढेच आतही सरकलेले असते. त्याचे तुकडे सुटून तेलपंपाच्या जाळीवर अडकले तर इंजिन तेलाविना चालते. कंपनीने जिथे पॅकिंग दिले आहे तिथे नवे पॅकिंगच घालावे, दोन्ही पृष्ठभाग ओरखडे न पाडता साफ करावेत, आणि बोल्ट एकाच फेरीत पूर्ण न आवळता समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत.

गळती थांबवण्यासाठी अधिक दाट तेल घालणे किंवा गळतीरोधक द्रव मिसळणे हाही उपाय नाही. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो, त्यामुळे अनोळखी मिश्रणाने क्लच घसरू लागतो. पुस्तिकेतील ग्रेडचे आणि जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचसाठीच्या) दर्जाचे तेलच वापरावे.

मागच्या टायरवर तेल उडत असेल किंवा ते तापलेल्या सायलेन्सरवर पडून धूर येत असेल, तर शोध पुढे ढकलून गाडी थांबवावी आणि ती ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यावी. दुरुस्ती झाल्यावर इंजिन पुन्हा स्वच्छ करून, पावडर लावून, ज्या परिस्थितीत आधी गळत होते त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी. शहरात न गळणाऱ्या गाडीची चाचणी शहरात घेऊन काही कळत नाही. मीही नळी सरळ केल्यावर पहिली चाचणी तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊनच घेतली.