बीट, हळद आणि मेंब्रेन: लिपिड-प्रोटीनचं नातं घरच्या घरी कसं समजून घ्यायचं

सांगलीत विश्रामबागेत माझ्याकडं बारावीची आणि बीएस्सीची पोरं येतात, आणि सेल मेंब्रेन, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ पटल, म्हणलं की सगळे धडाधड फॉस्फोलिपिड बायलेयर (लिपिड म्हणजे तेलकट रेणूंचे दोन थर), इंटिग्रल प्रोटीन (पटलात रुतलेलं), पेरिफेरल प्रोटीन (पटलाला बाहेरून चिकटलेलं) म्हणून दाखवतात, पण लिपिड आणि प्रोटीन ही दोघं एकमेकांना धरून कशी राहतात असं विचारलं की गप्प. दोन याद्या पाठ झाल्यात, मधला सांधा कुणी बघितलेलाच नसतो. म्हणून मी कसं शिकवतो ते लिहितो, एका दुपारचं काम आहे.

आधी हळद. सांगलीत ती कुणाच्या घरी नाही असं होत नाही. एका वाटीत शेंगदाणा तेल, एका वाटीत पाणी, दोन्हीत चिमूटभर हळद ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरचं निवळ बघा. तेल छान पिवळं झालेलं असतं, पाणी मात्र फिकटच. हळदीतलं करक्युमिन पाण्याला टाळतं आणि तेलात सुखानं राहतं. मेंब्रेनचं गणित इथंच सुरू होतं, कारण लिपिडच्या रेणूला पाण्यात रमणारं डोकं आणि तेलकट शेपट्या असतात, दोन्ही थरांच्या शेपट्या आत तोंड करून असतात, तो आतला भाग तेलासारखा, आणि तिथं प्रोटीनला राहायचं असेल तर त्याचा तिथला भागही तेलाला चालणारा पाहिजे.

आता वही घ्या, हा भाग घाईत करू नका. दोन आडव्या रेघा मारा, मधलं अंतर म्हणजे तो तेलकट भाग, साधारण ३ नॅनोमीटर. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, ती आत शिरताना बहुतेक वेळा अल्फा हेलिक्स होऊन, स्प्रिंगसारखी गुंडाळून जाते. का? तर साखळीच्या कण्यातले एनएच आणि सीओ गट पाण्यात पाण्याशी हायड्रोजन बाँड करतात, तेलात पाणीच नाही, मग ते आपापसातच बाँड करून घेतात आणि त्यातून हेलिक्स तयार होते. हेलिक्समध्ये एक अमिनो आम्ल ०.१५ नॅनोमीटर उंची व्यापतं, म्हणजे ३ ला ०.१५ नं भागा, २० आलं, पटल ओलांडायला एवढी अमिनो आम्लं लागतात. हे २० पोरांनी स्वतः भागून काढलं की त्यांचा चेहराच बदलतो बघा! आता मधे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन असली तेलकट मंडळी लिहा, दोन्ही काठांवर ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन, आणि पेशीच्या आतल्या बाजूला लायसिन, आर्जिनिन हे पॉझिटिव्ह चार्जवाले जास्त, तिकडच्या थरात निगेटिव्ह लिपिडही जास्त असतात.

मग हेलिक्स मुद्दाम २६ अमिनो आम्लांची काढून बघा. लांबी जुळत नाही. अशा वेळी हेलिक्स तिरकी होते, नाहीतर शेजारची लिपिडं शेपट्या ताणून जाडी जुळवतात, नाहीतर प्रोटीनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, दोघंही एकमेकांसाठी सरकून घेतात. १९७२ ला सिंगर आणि निकोलसन यांनी फ्लुइड मोझेक मॉडेल मांडलं, ते बरोबरच आहे, पण पुस्तकातलं चित्र बघून प्रोटीन नुसतं तरंगतंय आणि लिपिडला त्याचं काही पडलेलं नाही असा समज होतो. त्यापेक्षा यात्रेतली पालखी आठवा. पालखीला लागून चालणारी माणसं सारखी बदलत असतात, तशी प्रोटीनला चिकटलेली बरीचशी लिपिडं सेकंदात लाखो वेळा जागा बदलतात, पण काही खांदेकरी हटत नाहीत. मायटोकाँड्रियातलं कार्डिओलिपिन हे लिपिड तसलं, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या तिथल्या प्रोटीनपासून ते काढून घेतलं की त्या एन्झाइमचं काम ढासळतं.

शेवटी बीट. त्याचा लाल रंग पेशीच्या आत मेंब्रेननं अडवून ठेवलेला असतो, मेंब्रेन बिघडली की तो बाहेर येतो, म्हणून पाण्यात उतरलेला रंग हीच आपली खूण. एक सेंटिमीटरचे सारखे तुकडे करा आणि पाणी रंगायचं थांबेपर्यंत धुवा, कारण कापलेल्या पेशींचा रंग आधीच बाहेर आलेला असतो, इथं कंटाळा केला की सगळा प्रयोग फसतो. मग चार ग्लास: एकात साधं पाणी, दुसऱ्यातही साधंच पण त्यातला तुकडा आधी ७० अंशाच्या गरम पाण्यात एक मिनिट बुडवलेला, तिसऱ्यात सर्जिकल स्पिरिट (गॅसपासून लांब!), चौथ्यात भांड्यांच्या लिक्विडचं पाणी. अर्धा तास थांबा.

पहिल्यात रंग जवळजवळ नसतो, बाकी तिन्हींत कमीजास्त उतरतो. स्पिरिट मुख्यतः लिपिडच्या थरात घुसून तो सैल करतं. गरम पाण्यात प्रोटीनं उलगडतात आणि लिपिडही सैल होतात, त्यामुळं या ग्लासवरून नक्की कुणामुळं रंग सुटला हे सांगता येत नाही, पोरांनी उत्तरात तसं स्पष्ट लिहावं. साबणाचा रेणू लिपिडसारखाच, एक टोक पाण्याचं आणि एक तेलाचं, म्हणून तो लिपिडच्या जागी जाऊन प्रोटीनला वेढतो. लॅबमध्ये मेंब्रेनमधलं प्रोटीन बाहेर काढतात ते असंच सौम्य डिटर्जंट वापरून, पण चिकटलेलं लिपिडही निघून गेलं तर प्रोटीन हाती येतं आणि काम करत नाही.

एक धुतलेला तुकडा रात्रभर फ्रीझरला ठेवून सकाळी साध्या पाण्यात टाका. बर्फाचे स्फटिक मेंब्रेन फाडतात. रंग किती येईल ते आधी वहीत लिहा आणि मगच ग्लास बघा.