बर्ट केम्फर्ट नीट ऐकायचा असेल तर सुरुवात कुठून करायची

पहिलं काम म्हणजे 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' बाजूला ठेवा. जवळपास सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच संपवतात, कारण ते गाणं अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचं म्हणूनच डोक्यात बसलेलं असतं आणि त्यामागे केम्फर्ट नावाचा हॅम्बुर्गचा एक जर्मन संगीतकार आहे हे लक्षातच येत नाही. ते शेवटी घ्यायचं.

आधी एक सवय लावून घ्या. केम्फर्टचं नाव असलेली कुठलीही रेकॉर्ड समोर आली की विचारायचं, हा इथे नक्की कुठल्या खुर्चीत बसलाय? प्रोड्युसरच्या, गीतकार नाही पण संगीतकाराच्या, की ऑर्केस्ट्रासमोर कंडक्टरच्या? त्याने तिन्ही कामं केली पण प्रत्येक रेकॉर्डवर तिन्ही केलेली नाहीत, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

सुरुवात करा 'वंडरलँड बाय नाइट'पासून. १९५९ मधलं रेकॉर्डिंग, ट्रम्पेटवर चार्ली टाबोर. गंमत म्हणजे ही ट्यून केम्फर्टची नाहीच, ती क्लाउस ग्युंटर नॉयमानची, केम्फर्टचा आहे तो साउंड आणि ऑर्केस्ट्रा. जर्मनीत कंपनीला त्यात फार काही दिसलं नाही, मग तो आणि त्याची बायको ते घेऊन न्यूयॉर्कला डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या मिल्ट गॅबलरकडे गेले, त्याने १९६० मध्ये अमेरिकेत काढलं आणि जानेवारी १९६१ ला बिलबोर्ड या अमेरिकन चार्टवर नंबर एक. शब्द नाहीत, गायक नाही, नुसतं वाद्यसंगीत!

आता ऐकायची पद्धत. पहिल्यांदा ऐकताना ट्रम्पेटकडे लक्ष जाणारच, जाऊ द्या. नंतर 'अ स्विंगिंग सफारी' लावा, १९६२ चं, हेडफोन घालून, आणि या वेळी मेलडी सोडून फक्त बेस पकडा. लादी गाइसलर नावाचा वादक बेस गिटार अशी वाजवायचा की सूर लांबत नाही, टक्‌ करून तुटतो, जर्मन लोक त्याला 'क्नाक बास' म्हणतात. एकदा हा टक्‌टक्‌ बेस कानात बसला की कुठेही केम्फर्ट चटकन ओळखता येतो, वर व्हायोलिन असो, शब्द न गाणारा कोरस असो की ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं. माझ्या मते त्याची खरी सही ती आहे, मेलडी नव्हे. लोक याला लिफ्टमधलं म्युझिक म्हणून उडवून लावतात, पण त्यांनी बेस ऐकलेलाच नसतो.

मग प्रोड्युसरची खुर्ची. पॉलिडोर या जर्मन रेकॉर्ड कंपनीसाठी तो इतरांच्या रेकॉर्ड करायचा, फ्रेडी क्विन, इवो रोबिच वगैरे, ती वाट पटकन ओलांडली तरी चालेल. पण 'माय बॉनी'वर थांबा. जून १९६१, हॅम्बुर्ग-हारबुर्गमधला फ्रीडरिश एबर्ट हॉल, म्हणजे शाळेला लागून असलेलं सभागृह, गायक टोनी शेरिडन आणि मागे साथीला बीटल्स, ड्रम्सवर अजून त्यांचा जुना ड्रमर पीट बेस्ट. सिंगलवर नाव छापलं ते मात्र 'बीट ब्रदर्स'. इथे केम्फर्टचा साउंड शोधायला जाऊ नका, सापडणार नाही, आणि तेच ऐकण्यासारखं आहे, कारण त्याने या पोरांवर स्वतःचे व्हायोलिन लादले नाहीत. त्याच सेशनमधलं 'क्राय फॉर अ शॅडो' पण ऐका, ते शेरिडनशिवाय फक्त बीटल्सचं आहे. पुढे १९६२ मध्ये त्याने त्यांना करारातून मोकळं केलं. बीटल्स हातचे घालवले म्हणून लोक हसतात, मला तर तो सभ्यपणा वाटतो.

संगीतकाराच्या खुर्चीसाठी जोड्या लावून ऐका, यात सगळ्यात जास्त मजा येते. 'मून ओव्हर नेपल्स' हे १९६५ चं त्याचं वाद्यसंगीत, लगेच त्याच्यामागे अल मार्टिनोचं 'स्पॅनिश आइज', ट्यून तीच, नंतर शब्द चढवलेले. तसंच नॅट किंग कोलचं 'एल-ओ-व्ही-ई', शब्द डेक्काच्या त्याच गॅबलरचे, आणि वेन न्यूटनचं 'डांके शोन'. 'वुडन हार्ट' मात्र वेगळं ठेवा, एल्व्हिसच्या १९६० च्या 'जीआय ब्लूज' सिनेमातलं, तिथे मूळ चाल जुन्या जर्मन लोकगीताची आहे, केम्फर्टचं नाव इतर तिघांसोबत येतं, त्यामुळे सगळं श्रेय त्याला देऊन टाकू नका.

आणि आता काढा 'स्ट्रेंजर्स इन द नाइट'. १९६६ च्या 'अ मॅन कुड गेट किल्ड' सिनेमाच्या संगीतातली ही ट्यून, इंग्रजी शब्द चार्ल्स सिंगलटन आणि एडी स्नायडरचे, सिनात्राच्या रेकॉर्डचा प्रोड्युसर जिमी बोवेन, अरेंजर, म्हणजे वाद्यांची मांडणी करणारा, अर्नी फ्रीमन. म्हणजे या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवर केम्फर्ट फक्त संगीतकार आहे. त्याने स्वतःच्या ऑर्केस्ट्रासोबत पण ती केली, दोन्ही मागेपुढे लावा आणि फरक कुठून येतो ते आता तुम्हाला सांगावं लागणार नाही.

वेळ उरला तर क्रेडिटमध्ये हर्बर्ट रेहबाइन हे नाव दिसेल ते ट्रॅक शोधा, दोघांनी मिळून बरंच लिहिलंय आणि त्यातलं पुष्कळसं हिट्सच्या कलेक्शनमध्ये येतच नाही. आणि कंडक्टर म्हणून बघायचा असेल तर १९७४ चा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला कार्यक्रम आहे, इतकी वर्षं स्टुडिओत घालवलेला माणूस लोकांसमोर उभा राहून तोच साउंड काढतोय, तो बाकी सगळं ऐकून झाल्यावरच लावा.