योगवर्गात नव्याने जाताना
वर्गाला रिकाम्या पोटी जावे. भरपेट जेवणानंतर 3 ते 4 तास जाऊ द्यावेत. रक्तदाब, पाठदुखी किंवा जुनी शस्त्रक्रिया असल्यास शिक्षकांना आधीच सांगावे, कारण त्यानुसार आसने बदलावी लागतात. बोटे जमिनीला टेकलीच पाहिजेत, हा हट्ट नवशिक्यांनी मनापासून सोडावा: उत्तानासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकताना, मांडीची मागची बाजू ताणून पाठीला कुबड येत असेल, तर हात लाकडी ठोकळ्यांवर ठेवावेत आणि वाकणे कमरेतून नव्हे, खुब्यांतून होऊ द्यावे. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी ठोकळे, पट्टे आणि लोड यांचा वापर रूढ केला तो याचसाठी. त्यात कमीपणा मुळीच नाही. श्वास अडखळला, की ताण सैल करावा. शेवटी निपचित पडून विश्रांती घेण्याचे शवासन मात्र घाईने गुंडाळू नये. कुशीवर वळून, हाताच्या आधाराने सावकाश उठावे.