विमानाचं स्वस्त तिकीट: पहिल्यांदा काढणाऱ्यांसाठी

साताऱ्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, शिष्यवृत्ती यांच्या जोडीला हल्ली विमानाची तिकिटंही आली आहेत. सुट्टी संपवून युनिटला परत निघालेले जवान, परीक्षेला दिल्लीला जाणारी पोरं, नातवाला बघायला बंगळूरला निघालेले आजी-आजोबा. खुर्चीत बसता बसता सगळे एकच विचारतात, "सगळ्यात स्वस्त कुठलं आहे?" मी विचारतो, "कुठून धरायचं? विमानतळापासून की घरापासून?"

कारण हिशेब घरापासून मांडायचा असतो. समजा, पुणे-दिल्लीचं पहाटे पावणेसहाचं विमान दुपारच्या विमानापेक्षा 900 रुपयांनी स्वस्त दिसतंय. सामान घ्यायचा काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो. म्हणजे पावणेपाचच्या आत तुमची बॅग पट्ट्यावर पडलेली पाहिजे, आणि त्यासाठी साताऱ्यातून रात्री बाराच्या सुमारास निघायला हवं. एसटीने स्वारगेट गाठाल, पण तिथून लोहगावच्या विमानतळावर मध्यरात्री रिक्षावाला सांगेल तो दर. घरून गाडी केली तर ते 900 टोलनाका यायच्या आधीच संपले. दुपारचं विमान घ्या, सकाळची एसटी धरा.

मुंबईचंही तसंच. तिथून विमानं जास्त, त्यामुळे भाडं बऱ्याचदा पुण्यापेक्षा कमी दिसतं. एकटा माणूस पाठीवर सॅक टाकून जाणार असेल तर खुशाल मुंबई धरावी. म्हातारी माणसं आणि चार बॅगा असतील तर नको. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. आपल्याकडून जाताना तो मुंबई शहराच्या अलीकडे पडतो, म्हणून शोधताना त्याचा कोड एनएमआय वेगळा टाकून बघा. जुन्या विमानतळाचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू. गोव्याला तर नीट बघाच, तिथे विमानतळ दोन आहेत. जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. सावंतवाडीला जायचं तर मोपा दाराशी. पण काणकोणला जायचं असेल आणि स्वस्त म्हणून मोपा घेतलं, तर अख्खा गोवा ओलांडावा लागेल.

आता शोधायचं कसं. सुरुवात गूगल फ्लाइट्सवर करा. तारखेच्या चौकोनावर बोट ठेवलं की पूर्ण महिन्याचं कॅलेंडर उघडतं आणि बहुतेक तारखांखाली भाडं दिसतं. नवख्या माणसाने एवढं एक शिकलं तरी अर्धं काम झालं. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र महाग, मंगळवार-बुधवार साधारण हलके, सणाला जोडून आलेली सुट्टी असेल तर विचारूच नका. लग्नाची तारीख हलत नाही, पण परतीची हलते. आपली माणसं जायची तारीख जपून निवडतात आणि परतीची "रविवार टाका" म्हणून मोकळी होतात. सोमवारी दुपारी निघालात तर पुष्कळदा चांगला फरक पडतो.

किती आधी काढायचं? साध्या दिवसांसाठी महिना-दीड महिना आधीपासून नजर ठेवा. दिवाळी, मे महिना, गणपती यांसाठी तीन महिने आधी. "मंगळवारी रात्री बुक केलं की स्वस्त मिळतं" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. स्वस्त असतो तो प्रवासाचा दिवस. बुक कधी करता याला तितकंसं महत्त्व नाही. शेवटच्या क्षणी भाडं उतरेल ही आशाही धरू नका, कारण शेवटच्या आठवड्यात गरजू माणूसच येतो आणि कंपन्यांना ते ठाऊक असतं.

पाच मिनिटांत भाडं चढलं की लोक म्हणतात, मोबाईल बघतोय आपल्याला. इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या शोध लक्षात न ठेवणाऱ्या खिडकीत, शोधा हवं तर, नुकसान काही नाही, पण खरं कारण बहुधा निराळं असतं. एकाच विमानातल्या सीटा कंपनी आतल्या आत वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटते. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. यातून एक युक्ती निघते. पाच जणांसाठी शोधलंत आणि स्वस्त गटात तीनच सीटा उरल्या असतील, तर बहुतेक वेळा पाचही सीटा वरच्या दराने दिसतात. म्हणून आधी एक माणूस टाकून भाडं बघा, मग दोन, मग तीन. समजा, तिघांपर्यंत माणशी 4,100 येतंय आणि पाच टाकले की 4,900. मग तीन आणि दोन अशी वेगवेगळी तिकिटं काढली की 2,400 रुपये वाचले. मात्र मग पीएनआर, म्हणजे बुकिंगचे नंबर, दोन होतात. वेळापत्रकात बदल झाला तर दोन्हीकडे वेगळं बोलावं लागतं. बरोबर लहान मुलं असतील तर मूल आणि आई किंवा बाप एकाच पीएनआरवर ठेवा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या एका पालकाशेजारी तरी जागा द्यावी, असं डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. पीएनआरच वेगळा असेल तर मग विमानात शेजाऱ्यांना "जरा जागा बदलता का" म्हणत बसावं लागतं.

भाडं सापडलं की तिकीट मात्र विमान कंपनीच्याच साइटवर किंवा ॲपवर काढा. सगळ्या कंपन्यांची तिकिटं विकणाऱ्या मधल्या साइट शंभर-दोनशे स्वस्त दाखवतात आणि पैसे भरायच्या पानावर सुविधा शुल्काच्या नावाने ते परत घेतात. खरी पंचाईत होते ती काही बदलायचं झालं की. आमच्या एका गिऱ्हाइकाने अशाच एका साइटवरून तिकीट काढलं होतं. विमानाची वेळ बदलली तेव्हा कंपनी म्हणे साइटला विचारा, साइट म्हणे कंपनीला विचारा. त्यात त्यांची पूर्ण दुपार माझ्या दुकानात फोन कानाला लावून गेली.

नाव भरताना घाई नको. आधार समोर ठेवा आणि त्यावर आहे तसं भरा. फर्स्ट नेमच्या रकान्यात आपलं नाव, लास्ट नेममध्ये आडनाव. घरात सगळे बाळासाहेब म्हणत असले तरी आधारवर दत्तात्रय असेल तर दत्तात्रयच. सगळ्यात जास्त घोळ होतो तो लग्न झालेल्या मुलींचा: नवरा सासरचं आडनाव टाकतो आणि आधारवर अजून माहेरचं असतं. कंपनीच्या साइटवरून काढलेल्या तिकिटात अशी चूक चोवीस तासांत कळवली तर त्याच माणसाचं नाव फुकट दुरुस्त करून देतात. मधल्या साइटऐवजी थेट काढायचं हेही एक कारण.

तारखेचा एक सापळा सांगून ठेवतो. 12 तारखेचं रात्री 00:40 चं विमान म्हणजे 11 तारखेला रात्री जेवण करून घरातून निघायचं. 12 तारखेला रात्री पोचलात तर विमान जाऊन एक दिवस झालेला असतो.

मग येतात खर्चाची पानं. विमा, जेवण, आवडीची सीट, रांगेशिवाय चेक-इन. सगळं वगळता येतं, फक्त वगळायचं बटण बारीक अक्षरांत असतं. सीटचा नकाशा उघडला की लोकांना वाटतं सीट निवडलीच पाहिजे. नाही निवडली तरी विमानात उभं राहून जावं लागत नाही. वेब चेक-इन करताना, म्हणजे प्रवासाआधी साइटवर हजेरी लावताना, कंपनी एक सीट फुकट देते, बहुधा मधली. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी मात्र कडेच्या सीटचे पैसे मी स्वतःहून भरायला सांगतो. पैसे भरण्याआधी अंतिम आकड्याचा तपशील उघडून प्रत्येक ओळ वाचा.

सामानाचा नियम देशातल्या विमानांत साधारण असा: चेक-इन, म्हणजे काउंटरवर द्यायचं सामान, 15 किलो, हातात 7 किलो. पण "लाइट" नावाचं भाडं निघालं आहे, त्यात चेक-इन सामान अजिबात नसतं. स्वस्त दिसण्याचं कारण तेच. जवानाची ट्रंक असेल तर ते भाडं उपयोगाचं नाही. जास्त वजन होणार हे आधी माहीत असेल तर तिकिटाबरोबरच वाढीव किलो विकत घ्या, काउंटरवर तेच महाग पडतं. तिकिटावर 15 किलो "एक नग" असं लिहिलं असेल तर दोन पिशव्या चालतील असं गृहीत धरू नका. लष्करी, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक अशी भाडी वेगळी असतात आणि विद्यार्थ्यांना काही ठिकाणी जादा वजनही मिळतं. पण साध्या भाड्याशी ताडून बघा, कधी कधी साधंच कमी निघतं. आणि ओळखपत्र बरोबर हवंच. ते नसेल तर विमानतळावर फरक भरायची वेळ येते.

तिकीट रद्द करावं लागलं आणि त्यावर "नॉन-रिफंडेबल" लिहिलं असलं तरी सगळे पैसे बुडाले असं समजू नका. विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर परत करावे लागतात, कारण तुम्ही प्रवासच केलेला नसतो. तिकिटाचा तपशील काढून किती परत येतंय ते विचारा. सुविधा शुल्क मात्र गेलं ते गेलं.

वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांत 48 तास आधी उघडतं. घरीच करा, विमानात चढायचा बोर्डिंग पास मोबाईलमध्ये ठेवा आणि आजी-आजोबांना कागदावर छापून द्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. लोणच्याची बरणी उलट चेक-इनमध्ये. सुकं खोबरं घेऊच नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून बॅग उघडून काढून ठेवतात, आणि लेकीसाठी निवडून घेतलेल्या वाट्या तिथेच राहतात. कंदी पेढे मात्र हातातल्या बॅगेत बिनधास्त न्या, फक्त त्यांचं वजन सात किलोंत धरा.